रविवारी लावलेलं नेलपेंट शनिवारपर्यंत

सोमवारी सकाळी ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात उभं राहिलं की डोळ्यांसमोर हँडल धरलेले दहा-बारा हात असतात. कुणाचं नेलपेंट काल रात्रीचं आणि कुणाचं मागच्या आठवड्यातलं, हे ऐरोली यायच्या आत कळतं. टोकं झिजलेली, अंगठ्यावरचा टवका उडालेला, करंगळी तेवढी शाबूत. माझी नखं कित्येक वर्षं अशीच असायची. वाटायचं, डब्यात फिरणाऱ्या बाईकडून स्वस्तातली बाटली घेतली की असंच होणार. मग ठाण्याच्या गोखले रोडवरून चांगली महागातली आणली. ती बुधवारी गेली. स्वस्तातलीही बुधवारीच जायची.

तेव्हा कुठे लक्षात आलं की यात बाटलीपेक्षा पाण्याचा हात मोठा आहे. भांडी घासतानाच्या पाण्याचा तर आहेच, पण त्याहून जास्त रंग लावण्याआधी नखात मुरलेल्या पाण्याचा.

नख फुगतं, रंग फुगत नाही

नख दिसायला टणक, पण असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, केराटिन नावाच्या प्रथिनाच्या थरावर थर रचलेलं. पाण्यात राहिलं की ते पाणी पितं, किंचित पसरतं, मऊ पडतं. बादलीभर कपडे धुतल्यावर नख सहज वाकतं, ते यामुळेच. सुकलं की पुन्हा आकसतं. नेलपेंटचं तसं नाही. त्याचा पाया असतो नायट्रोसेल्युलोज. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना जे लॅकर मारायचे, त्याच घराण्यातला. बाटली उघडल्यावर नाकात जाणारा वास इथाइल अॅसिटेट आणि ब्युटाइल अॅसिटेट या द्रावकांचा. ती उडून गेली की मागे एक पातळ, कडक पडदा उरतो. तो लवचीक राहावा, नखाला धरून राहावा म्हणून आणखी काही घटक घातलेले असतात, तरी नखाइतकी हालचाल त्याला झेपत नाही. नख खालून फुगतं-आकसतं, रंग वर ताठ बसून राहतो आणि कधीतरी पकड सुटते.

मावसबहिणीच्या हळदीआधी मी एका पार्लरमध्ये मॅनिक्युअर करून घेतलं होतं. कोमट पाण्यात बोटं बुडवून निवांत वीस मिनिटं, नंतर लगेच दोन कोट. दिसत होतं फार सुंदर. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत तर्जनीवरचा अख्खा पापुद्रा मठ्ठ्याच्या वाटीत तरंगताना सापडला. ओल्या भिंतीला रंग दिल्यावर पावसाळ्यात जे होतं तेच. तेव्हापासून मॅनिक्युअर शुक्रवारी आणि रंग रविवारी, असा माझा नियम आहे.

आधी टवका बघा

जुनं नेलपेंट पुसून टाकायची घाई करू नका. ते कसं निघालंय त्यावरून चूक कुठे झाली ते कळतं.

दुधावरची साय उचलावी तसा पूर्ण पापुद्रा सुटला असेल, तर लावताना नख तेलकट नाहीतर ओलं होतं, किंवा रंगाखालचा पारदर्शक थर, म्हणजे बेस कोट, लावलाच नव्हता. फक्त टोकाकडचे टवके उडाले असतील, तर टोक रंगाने बंद केलं नव्हतं, किंवा तुम्ही नखांनी डबे उघडता. मधोमध चीर गेली असेल तर थर जाड झाले, किंवा नख त्याच्या ताकदीपेक्षा लांब वाढलंय आणि प्रत्येक धक्क्याला वाकतंय. मुळाशी किंवा कडेने उचकटलं असेल तर रंग कातडीवर गेला होता. कातडी हलते, रंगाला ओढते आणि तिथून पाणी आत शिरतं.

माझ्या बाबतीत पहिली दोन्ही कारणं होती. बहुतेकींची तीच असतात.

तयारी: अर्धं काम इथेच होतं

नखं फाइल करायची ती कोरडी असताना. आंघोळीनंतर मऊ पडलेल्या नखावर फाइल चालवली की टोकाचे थर सुटतात, आणि सुटलेल्या थरावर कुठलाच रंग धरत नाही. करवतीसारखी पुढे-मागे न घासता कडेकडून मधल्या दिशेला, हलक्या हाताने. कोपरे थोडे गोल ठेवा. टोकदार कोपरा ओढणीत, केसांत, पर्सच्या चेनमध्ये अडकतो. दिवसभर कीबोर्ड बडवणारीने नि दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारीने लांब नखांचा हट्ट सोडलेला बरा. रंग टिकवायचा असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वरचा भाग घासून गुळगुळीत करणारा बफर मिळतो, तो महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. दर आठवड्याला घासलं तर नख पातळ होतं, पातळ नख जास्त वाकतं, आणि वाकणाऱ्या नखावरचा रंग तडकतो.

नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती कापू नका. जंतू आत जाऊ नयेत म्हणूनच ती तिथे आहे. मात्र तिच्यातून पुढे सरकून नखावर चिकटलेला पारदर्शक पापुद्रा असतो, तो रंगाच्या मुळावर येतो. आदल्या दिवशी आंघोळ झाल्यावर टॉवेलच्या कोपऱ्याने तो हळूच मागे सारायचा. ओढायचं, कुरतडायचं नाही.

आता तेल. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वगळलं जाणारं काम. केसांना तेल लावलंत, फोडणी घातलीत, हँडक्रीम चोपडलंत, चकलीच्या पिठाला मोहन घातलंत, की नखावर तेलाचा थर बसतोच. तो डोळ्यांना दिसत नाही. साबणाने हात धुवा, पुसा आणि मग थांबा. मी तासभर थांबते. तेवढा वेळ नसेल तर निदान अर्धा तास तरी. त्यानंतर, नखांवर जुना रंग नसला तरी, रिमूव्हर लावलेला कापूस प्रत्येक नखावरून फिरवायचा. कडा आणि टोकाखालची बाजूही सोडायची नाही. काही रिमूव्हरमध्ये तेल किंवा ग्लिसरीन घातलेलं असतं. हाताला ते बरं असतं, पण मागे निसरडा थर ठेवून जातं. तसं असेल तर शेवटचा हात मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फिरवा. तेही नसेल तर घरातलं पांढरं व्हिनेगर चालतं. सॅनिटायझर मात्र नको, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं.

इथून पुढे रंग लागेपर्यंत नखांना बोट लावायचं नाही. केस मागे सारायचे नाहीत, नाक खाजवायचं नाही. अवघड आहे, कल्पना आहे.

रंग लावणं

बेस कोट म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, फुकट पैसे घालवायचं काहीतरी, असं मला वाटायचं. खरं तर त्यात नखाला धरून राहणारी रेझिनं जास्त असतात, आणि टॉप कोट त्याच्या उलट, कडक आणि चकचकीत व्हावा असा बनवलेला असतो. म्हणून एकच पारदर्शक बाटली खाली-वर दोन्हीकडे वापरण्यात फारसा अर्थ नाही. लाल, मरून, गडद जांभळ्या रंगाने नखं पिवळट पडतात, तेही बेस कोटने बरंच टळतं. पातळ एक थर, दोन-तीन मिनिटं थांबा.

रंगाची बाटली जोरजोरात हलवू नका. हवा आत जाते आणि नखावर बारीक बुडबुडे उठतात. दोन तळव्यांमध्ये धरून, आपण लाडू वळतो तशी फिरवा. आतल्या छर्‍यांचा खुळखुळ आवाज आला की रंग खालून ढवळला जातोय असं समजा.

ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या, दुसऱ्या बाजूला एकच थेंब राहू द्या. मुळाच्या कातडीपासून केसभर अंतर सोडून सुरुवात करा. मधे एक पट्टा, मग दोन्ही कडांना एकेक. तीन पट्ट्यांत नख झालं पाहिजे. पहिला थर चट्ट्यापट्ट्यांचाच दिसतो. तो दिसू दे. तो सारखा करायला जाल तिथेच थर जाड होतो आणि सगळं बिघडतं. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो; दोन दिवसांनी सोलून निघतो तो हाच. पहिल्यानंतर तीन ते पाच मिनिटं, मग दुसरा थर. गडद रंगांना दोन पुरतात, फिक्या गुलाबी किंवा दुधाळ रंगांना तीन लागतात. तिन्ही पातळ.

प्रत्येक थराच्या शेवटी ब्रशचं टोक नखाच्या पुढच्या धारेवरून आडवं फिरवायचं, जणू रंगाची घडी टोकावरून खाली दुमडताय. पाणी आत शिरतं ते या धारेतून. ही एवढी एक सवय लागली तरी माझ्या अनुभवात दोन दिवस वाढतात. पुढची धार दिसतच नाही इतकी नखं लहान असतील तरीही करा.

उजव्या हाताने डावा हात रंगवणं सोपं. उलट्या बाजूला गडबड होते, कारण आपण ब्रश वळवायला जातो. मनगट टेबलावर टेकवा, ब्रश स्थिर धरा आणि बोट त्याच्याखाली डावी-उजवीकडे फिरवा. कातडीवर रंग गेलाच तर तो ओला असतानाच, काडीला कापूस गुंडाळून रिमूव्हरने काढा. वाळल्यावर ओढून काढलात तर नखावरचाही सोबत येईल.

शेवटी टॉप कोट, पुन्हा धार बंद करून.

वाळणं म्हणजे काय, हे दिवाळीने शिकवलं

दहा-पंधरा मिनिटांनी नखाला हात लावून बघतो, चिकटत नाही, म्हणजे झालं असं वाटतं. वरचा पडदा तेवढा झालेला असतो. आतलं द्रावक पुढे कित्येक तास निघत राहतं, आणि तोवर रंग मेणासारखा दबतो.

एका नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी करंज्या संपवून, ओटा पुसून, साडेबारा वाजता लाल रंग लावला. एक वाजता झोपले. चार वाजता आईने उठवलं तेव्हा दहाही नखांवर चादरीची वीण उमटली होती. त्यावर अभ्यंगस्नान: अंगभर तेल, वर उटणं चोळणं, वर कढत पाणी. तीन तासांच्या नेलपेंटला याहून वाईट काही करता येणार नाही, तुम्ही ठरवलंत तरी. सकाळी सातच्या सुमारास राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटेच्या गर्दीत सगळे फोटो काढत होते आणि मी हात ओढणीत लपवून उभी.

तेव्हा सणाचा रंग आदल्या दिवशी दुपारी लावा, फराळाचा शेवटचा घाणा झाल्यावर. लावल्यावर निदान दोन तास काही जड काम नाही, आणि त्या रात्रीपर्यंत गरम पाणी नाही. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायची युक्ती सगळीकडे ऐकायला मिळते. त्याने वरचा पडदा कडक लागतो, आतलं ओलंच राहतं. लवकर वाळणारा टॉप कोट त्यापेक्षा खरा. पंख्याखाली थेट हात धरूनही बसू नका. वरची साय आधी धरते आणि खालचं द्रावक बुडबुडे काढत बाहेर पडतं.

आपल्याकडच्या जून-जुलैत आणखी एक गंमत होते. चकचकीत रंगावर पांढुरकी झाक येते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते. अशा दिवशी खिडकीत बसून पाऊस बघत नेलपेंट लावण्याचा मोह आवरा. एसी असेल त्या खोलीत लावा, नाहीतर थर नेहमीपेक्षा पातळ ठेवा आणि मधला वेळ वाढवा.

मेंदीही असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी मेंदी, मग रंग. मेंदी रंगावी म्हणून तेल लावलेलं असतं, ते पूर्ण गेल्यावरच नखं रिमूव्हरने पुसायची. नखांवर चढलेला मेंदीचा रंग आवडत नसेल तर मेंदीच्या वेळी नखांवर पारदर्शक थर देऊन ठेवा, नंतर तो काढा आणि नवी सुरुवात करा. एकदा नखावर चढलेली मेंदी नख वाढूनच जाते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे थांबा सहा महिने.

आठवड्याची राखण

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी टॉप कोटचा एक पातळ थर द्या, धार बंद करून. मी मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर देते. पाच मिनिटांचं काम, पण बुधवारचा शाप यानेच तुटला.

भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. सासूबाई पहिल्यांदा हसल्या होत्या, आता त्यांचा स्वतःचा जोड आहे. कणीक मळण्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मटार सोलताना, लसणाची साल नखाने काढताना, कोळंबी साफ करताना, किंमतीचं स्टिकर खरवडताना, डब्याचं झाकण उचकटताना. लसूण सुरीच्या पात्याखाली चेपा, झाकणाला चमचा लावा. गणपतीत मोदकांची उकड मळायची असेल तर गरम पाणी, तेल आणि वाफ तिन्ही एकत्र येतात. त्या दिवशी रंग मोदक झाल्यावर, आरतीच्या आधी नव्हे. फिक्या रंगांना हळदीचा डाग पडतो. आमटी-भात हाताने खाणाऱ्यांनी टॉप कोट चुकवू नये, किंवा सरळ मरून लावावा.

रात्री झोपताना मुळाच्या कातडीला खोबरेल तेलाचा थेंब चोळा. आधी तेल नको म्हणाले आणि आता लावा म्हणते, कारण रंग बसल्यावर तेल त्याच्या खाली जात नाही, आणि तेल लागलेलं नख पाण्याने कमी फुगतं.

टोकाला छोटा टवका उडालाच तर तिथली पायरी फाइलने अलगद सपाट करा, तेवढ्यावर रंगाचा थेंब द्या, मग पूर्ण नखावर टॉप कोट. दोन दिवस निघतात.

बाटली

लेबलवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम किंवा २४एम असं काही लिहिलेलं असतं. उघडल्यावर तितके महिने ती चांगली राहते, असा त्याचा अर्थ. जांभळी नाक्याजवळ घाऊकमध्ये स्वस्त मिळतं म्हणून डझनभर छटा घेण्याआधी हे आठवा. आपण आठवड्याला एकच लावतो. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि द्रावक उडून रंग घट्ट होतो. घट्ट झालेल्या रंगात रिमूव्हर ओतायचं नाही, त्याने रंगाची घडणच बिघडते. नेलपेंटचा थिनर वेगळा मिळतो, दोन-तीन थेंब पुरतात. बाटली उन्हाच्या खिडकीत नको. फ्रिजचीही गरज नाही, कपाटाचा खण पुरे.

आणि हे सगळंच पेट घेणारं आहे, रिमूव्हरसकट. गॅसजवळ, समईजवळ, पणत्या लावताना ओली नखं घेऊन वावरू नका.

जेल नेलपेंट घ्यावं का?

दोन-तीन आठवडे टिकतं, हे खरं. ते सुकत नाही, यूव्ही दिव्याखाली घट्ट होतं, रसायनच वेगळं. पण कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या अॅक्रिलेटांची अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून घरगुती दिवा घेऊन स्वतःवर प्रयोग करण्यापेक्षा हात बसलेल्या बाईकडून करून घेतलेलं बरं. काही जेलमध्ये वापरला जाणारा टीपीओ हा घटक युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला आहे. करून घेताना बाटलीवर तो आहे का, हे विचारायला हरकत नाही. जेल ओरबाडून काढू नका, नखाचा वरचा थर सोबत जातो. लग्नासाठी मी जेल करेन. रोजच्या लोकलसाठी नाही.

काढताना

कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दहा सेकंद दाबून ठेवा, मग एकदाच मुळाकडून टोकाकडे ओढा. घासाघीस नको. चमकी असेल तर बोळ्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाच मिनिटं थांबा. नखांना श्वास घेऊ द्यावा म्हणून महिनाभर रंग बंद ठेवायची गरज नसते. नखं श्वास घेत नाहीत, त्यांना जे मिळायचं ते रक्तातून मिळतं. पण वरचा भाग पांढरा, खडबडीत दिसत असेल तर चार-पाच दिवस तेलावर राहू द्या.

दवाखान्यात भरती व्हायचं असेल, शस्त्रक्रिया असेल, तर कितीही सुंदर बसलेलं असलं तरी आधी काढून जा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, आणि गडद रंग आड आला की आकडा चुकू शकतो. घाईत सगळी काढता आली नाहीत तर निदान दोन्ही तर्जन्या तरी मोकळ्या ठेवा.